दुसऱ्याच्या हातातला दोर

भोसरीत सुट्या भागांचा कारखाना चालवणारे एक मालक होते. माणूस कष्टाळू, नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखणारा. पण डझनभर हातमोजे मागवायचे तरी कागदावर सही त्यांचीच लागे. ते गावाला गेले की खरेदी ठप्प.

मुलीच्या हट्टापायी विभागप्रमुखांची सहल निघाली, लोणावळ्याजवळ कुरवंड्याला, नागफणीच्या कड्यावर. माणसं दोरावरून उतरणार आणि मालक खुर्ची टाकून बघणार, असा बेत. रीत जुनीच म्हणायची. १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ या साहस-प्रशिक्षणाची पहिली शाळा काढली, तेव्हा पाठीशी लॉरेन्स होल्ट हे जहाजमालक होते. जहाज बुडालं की तरुण खलाशी धीर सोडतात, ही त्यांची चिंता. पाठबळ मालकाचं, परीक्षा खलाशांची!

पण कुरवंड्याचा प्रशिक्षक पोरगा वस्ताद निघाला. “साहेब, आधी तुम्ही,” म्हणाला. सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार?

हार्नेस चढला, हेल्मेटचा पट्टा आवळला. उतरायचा दोर कडीतून ओवून झाला. सुरक्षेचा दुसरा दोर मात्र पोराने स्टोअरकीपरच्या हाती दिला आणि त्याचंच टोक धरून स्वतः मागे उभा राहिला. मालकांचा चेहरा पडला. चार नटबोल्टच्या हिशेबावरून याच माणसाला त्यांनी आदल्या आठवड्यात भर शॉपमध्ये झापलं होतं.

“दोर तूच धर ना रे,” ते हळूच म्हणाले.

“मी आहेच मागे. पण धरणार काकाच.”

रॅपलिंगचं गणित उफराटं असतं. अंग मागे झोकून पाय कातळावर सपाट रोवले तर पकड मिळते. घाबरून कड्याला बिलगलं की पाय निसटतात. मालक बिलगले. पाय निसटले, गुडघा खरचटला आणि ते लोंबकळले. पण जेमतेम वीतभर खाली. दुसरा दोर ताठ झाला होता.

“धरलंय साहेब,” वरून आवाज आला. “मागे व्हा. सगळं वजन द्या.”

मालकांनी डोळे मिटले आणि वजन दिलं.

पुन्हा वर आल्यावर त्यांनी स्टोअरकीपरला विचारलं, “हात भरून आले का हो?”

“हात नाही, साहेब. पण भीती मलाही वाटली. तुमचं काही माझ्या हातात कधी आलंच नव्हतं ना.”

अशा बहुतेक सहलींतून एका रंगाचे टी-शर्ट आणि ग्रुप फोटो, एवढंच उरतं. इथेही तसंच झालं असतं. पण सोमवारी मालकांनी अकाउंटंटला बोलावलं आणि २५ हजारांपर्यंतच्या खरेदीवर विभागप्रमुखांचीच सही चालेल, असं लिहून दिलं. पहिल्याच महिन्यात चुकीचे गेज आले. अधिकार काढून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलंच. दोन दिवस ते धुसफुसत राहिले, पण कागद बदलला नाही.

गेज पुरवठादाराने बदलून दिले. ते काम स्टोअरकीपरने परस्पर करून घेतलं होतं, आणि मालकांना ते महिनाअखेरीस हिशेब बघताना कळलं.