भिंतीला लागून की अंगणापलीकडे

एमिरेट्समधल्या मराठी माणसाचं बांधकाम बहुधा गावी चालू असतं. इथल्या भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, त्यामुळे सगळी हौस कुडाळ-सावंतवाडीकडे वळते. गाडी घेतली की तिला छप्पर हवं, आणि मग शुक्रवारच्या फोनवर वाद सुरू होतो. वडील म्हणतात, "घराला लागूनच काढ रे, एक भिंत वाचेल." मुलाला परसात वेगळी शेड हवी असते, गाडीबरोबर हत्यारं, शिडी, इन्व्हर्टर, सगळं मावेल अशी.

भिंत वाचते हे खरं. वायर चार हातांत येते, पावसात न भिजता गाडीत बसता येतं. पण जुन्या घराचा पाया कधीच बसलेला असतो आणि नवा अजून बसायचा असतो. नवं बांधकाम थोडं खचतं, जुनं जागचं हलत नाही, आणि दोन्ही एकजीव बांधली असतील तर जोडावर तडा जातो. कोकणात ही लबाडी पहिल्याच मिरगाला उघडी पडते. एमिरेट्समध्ये पाऊसच इतका क्वचित, की कच्चा जोड वर्षानुवर्षं खपून जातो. एप्रिल २०२४ मध्ये मात्र अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत इतका पाऊस कधी नव्हता. त्या दिवसांत अनेकांना आपल्या छपराची खरी ओळख झाली.

इथल्या अमिराती कुटुंबांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवलेला दिसतो. गाडीला बहुतेकदा कापडी किंवा पत्र्याची सावली पुरते. पाहुण्यांची मजलिस मात्र कित्येक घरांत आवारात वेगळी असते आणि तिला रस्त्याकडून स्वतंत्र दार असतं. मोठा स्वयंपाक बाहेरच्या मुदपाकखान्यात होतो, ड्रायव्हरची खोली फाटकापाशी असते. म्हणजे गाडी कुठे उभी करायची यापेक्षा माणसं, वास आणि आवाज घरापासून किती दूर ठेवायचे, हे आधी ठरलेलं असतं.

अल ऐनमधला शेख झायेद यांचा १९३७ सालचा राजवाडा पाहा. आता तिथे संग्रहालय आहे. एकच भव्य इमारत मनात धरून गेलेला माणूस जरा बुचकळ्यात पडतो, कारण तिथे अंगणांभोवती विखुरलेल्या मातकट रंगाच्या सुट्या इमारती आहेत. कुटुंबाचं राहणं एकीकडे, पाहुण्यांच्या मजलिसी दुसरीकडे. अंगणात एक जुनी लँड रोव्हर उभी असते. अशाच गाडीतून झायेद वाळवंटातल्या बदूंना भेटायला जात. तिच्यासाठी म्हणून कोणी भिंत पाडलेली दिसत नाही.

नकाशावर अशी मधली जागा वाया गेलेली वाटते. दुबईच्या अल फहिदी वस्तीत, प्रवाळाच्या दगडांच्या घरांमधल्या सिक्का नावाच्या अरुंद बोळांतून एकदा दुपारी चाललं, की तिचं काम कळतं. दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात आणि बोळातून वारा सरकत राहतो. आपल्या कोकणात घर आणि मांगर यांच्यात अंतर ठेवायचं कारण याहून रोखठोक होतं. पेंढा पेटला तर मांगर जाईल, घर वाचेल. गुरांचा वास आणि गोमाश्याही तिकडेच राहत. आज मांगराच्या जागी पेट्रोलची टाकी असलेलं यंत्र आलंय, आणि आपण ते नेमकं झोपायच्या खोलीला चिकटवायला निघालोय! कारण काय, तर एक भिंत वाचते.

लागून बांधण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो वडील सहसा मांडत नाहीत. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. त्याच बाजूला गॅरेज आलं तर ते ऊन स्वतःच्या अंगावर घेतं आणि आतली खोली निवते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या मुलखात ही थोडीथोडकी सोय नाही. अट इतकीच की गॅरेज हवेशीर असावं आणि त्यापायी खोलीची एकुलती खिडकी बुजू नये. नाहीतर नुकत्याच आलेल्या इंजिनाची धग आत कोंडते, आणि भिंतीपलीकडच्या एसीला ती उपसत बसावं लागतं.

ही पश्चिमेची सोय नसेल तर माझा कौल वेगळ्या बांधकामाला आहे, थोडा जास्त खर्च धरूनही. घराला चिकटवलेली खोली गाडी गेल्यावर अडगळीची होते. सुटी इमारत दुसऱ्या कामाला लागते. अबू धाबीत आणि अल ऐनमध्ये व्हिलाच्या आवारातल्या अशा जोडइमारतीला मुल्हक म्हणतात. कुठे तिथे लग्न झालेला मुलगा संसार मांडतो, कुठे ती भाड्याने जाते. कुडाळच्या शेडचा वाद फोनवर घालणाऱ्यांतही अशा मुल्हकात राहणारी कुटुंबं आहेत. पलीकडे मालकाचं घर, मध्ये अंगण, आणि ये-जा करायला आपलं वेगळं दार.