किती दिवसांचा नेम?

माझी आई सोमवार आणि संकष्टी करते. त्या दिवशी तिला कुणी ‘एक घास तरी खा’ म्हणत नाही. शेजारच्या काकू पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या आणि आई म्हणाली, ‘आज संकष्टी आहे हो’, तर काकूच ओशाळतात. ‘अगंबाई, माझ्या लक्षातच नाही राहिलं!’ विषय संपतो. पोळ्या चंद्रोदयापर्यंत झाकून राहतात.

मागच्या वर्षी त्याच काकूंना मी म्हणालो, ‘काकू, मी सध्या कीटोवर आहे. पोळी नाही चालत.’ त्यांचा चेहरा पडला. ‘एवढी एक खाल्ल्याने काय होतंय रे?’ मी समजावायला गेलो. एका पुरणपोळीत मैदा किती, गूळ किती, डाळ किती, रक्तातली साखर कशी वर जाते, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डबा उचलून गेल्या. पुढे बरेच दिवस आमच्याकडे काही आलं नाही.

पोळी तीच, नकारही तोच. मग आईचा नकार पुण्याचा आणि माझा उद्धटपणाचा कसा? माझं तेव्हाचं उत्तर तयार होतं: आपल्या लोकांना देवाचं नाव घेतलं की सगळं चालतं, विज्ञानाचं घेतलं की राग येतो. मित्रांच्या ग्रुपवर मी हे लिहिलंही, भरपूर हसणाऱ्या इमोजी आल्या. आता ते उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला जरा वेळ लागेल.

आधी हे सांगतो की मी कीटो उगाच फॅशन म्हणून धरलं नव्हतं. वय २७, वजन ९४ किलो, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि एचबीएवनसी ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर. बाबांना ११ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या पायांना मुंग्या येतात, तेव्हा ते पाय चोळत टीव्ही बघत बसतात. तो सोफा मला माझ्यासाठी राखून ठेवलेला दिसायला लागला होता.

कीटोचं गणित साधं आहे. दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या आत कार्ब्ज, प्रथिनं बेताची, बाकी सगळं तूप, लोणी, पनीर, अंडी, मटण. ज्वारीची एक मध्यम भाकरी म्हणजेच ३५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, त्यामुळे दिवसाचा कोटा एका भाकरीत खलास. बाहेरून साखर मिळेना की यकृत चरबीपासून कीटोन बनवायला लागतं आणि मेंदूसुद्धा बऱ्याच अंशी त्यावर चालतो. पहिल्या आठवड्यात माझं चार किलो वजन उतरलं आणि मी घरभर नाचलो. त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं. हे मला वाचून ठाऊक होतं. तरी नाचलो. पुढच्या आठवड्यात डोकं दुखलं, पायांत गोळे आले, मीठ-पाणी पीत राहिलो. पाच महिन्यांत ११ किलो गेले आणि ते मात्र पाणी नव्हतं.

वजनाबरोबर आणखी काहीतरी बदलत होतं. माझी भाषा. ‘क्लीन खाणं’, ‘गिल्ट-फ्री’ बिस्किटं, ‘चीट डे’. ॲपमध्ये भात नोंदवला की आकडा लाल व्हायचा. चीट म्हणजे फसवणूक. आता रविवारी मी दोन वाट्या वरणभात खाल्ला तर फसवलं कुणाला? ताटाला? यकृताला? ज्याच्याशी करार केला तोही मी, मोडणाराही मी, न्यायाधीशही मी. तरी अपराधीपणा मात्र अस्सल असायचा. आणि ज्याला स्वतःच्या ताटातला भात पाप वाटतो, त्याला दुसऱ्याच्या ताटातला कितीसा वेळ नुसता भात दिसणार?

जेवताना मी बोलायचो. ‘भात म्हणजे साखरच आहे.’ ‘गहू म्हणजे स्लो पॉयझन.’ आपल्या महाराष्ट्रात या विषयावर बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळची जेवणं की ऋजुता दिवेकरांचं थोडंथोडं, घरचं आणि तूप लावून, यावरून घराघरांत तट पडलेले आपण पाहिलेच आहेत. आमच्या घरात तिसरा तट मी एकट्याने उघडला.

खरं तर मी ज्या आकड्यांवर एवढा उड्या मारत होतो, ते आकडे माझ्याइतके ठाम नव्हते. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी फॅट कमी केलं, निम्म्यांनी कार्ब्ज. वर्षाअखेर सरासरी घट एका गटात ५.३ किलो, दुसऱ्यात ६ किलो. फरक धरण्याजोगा नाही. दोन्ही गटांत काहींचं वजन प्रचंड उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. त्यातला आहार कीटोइतका कडक नव्हता, हे कबूल. पण ‘मला जमलं’ यावरून ‘हेच सत्य’ असं म्हणता येत नाही, एवढं तर त्यातून कळायला हरकत नव्हती.

शिस्तीबद्दलही मला फार अभिमान होता. ऑफिसातले मित्र म्हणायचे, ‘तुझी विलपॉवर भारी आहे यार.’ ती विलपॉवर सकाळी साडेसहाला उठायची आणि ती माझी नव्हती. आई उठायची. बाबांसाठी पोळ्या आणि भाजी, मग माझ्यासाठी वेगळं पनीर, फ्लॉवर किसून त्याचा ‘भात’, बदामाच्या पिठाच्या पोळ्या, ज्या तव्यावरून उचलताना तुटतात. सोमवारी स्वतःचा उपास असताना हे सगळं. तिच्या उपासाची भगर मात्र कशीबशी दुपारी दोनला व्हायची. मी त्याग करत होतो आणि त्याची भांडी ती घासत होती.

तरीही आई रागावली नव्हती. ती गप्प झाली होती, आणि मी तो होकार समजलो.

या सगळ्याच्या मध्ये दिवाळीला गावी गेलो. बार्शी तालुक्यात आमचं घर आहे, आजी तिथेच असते. तिने १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, मिलोच्या त्या लाल भाकऱ्या थापल्या आहेत. भाकरी नाकारायची तर सगळ्यात अवघड जागा हीच, असं मी धरून चाललो होतो. एसटीत बसून भाषण तयार केलं होतं. चुलीपुढे बसलो आणि म्हणालो, ‘आजी, मी सध्या भाकरी सोडलीय.’

तिने परातीतून वर पाहिलंही नाही. ‘बरं. किती दिसाचा नेम हाय?’

मी गडबडलो. ‘नेम असा नाही. वजन उतरेपर्यंत. नंतरही शक्यतो नाहीच.’

‘मग त्यो नेम कसला? नेमाला उद्यापन असतंय, बाळा.’

एवढंच बोलून तिने माझ्यापुढे पिठलं आणि लोण्याचा गोळा ठेवला, भाकरीशिवाय. आग्रह नाही, डोळ्यांत पाणी नाही, दुष्काळाची आठवण नाही. तिच्या जगात खाणं सोडणारी माणसं नवीन नव्हतीच. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी सोडणारी, काशीला जाऊन आल्यावर आवडतं फळ कायमचं सोडणारी. तिथे सोडायचं ते आवडतंच असावं लागतं. कारलं सोडून काशीचं पुण्य मिळत नाही. म्हणजे सोडणाऱ्याच्या मनात त्या पदार्थाचा मान शाबूत असतो, किंबहुना मान आहे म्हणूनच तो सोडायचा.

मी भाकरी सोडली होती ती तिला नाव ठेवून.

परत येताना मोबाइलवर कीटोचा इतिहास शोधत बसलो, आणि एक गंमत हाती लागली. कार्ब्ज सोडून वजन उतरवण्याची कल्पना जुनीच. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या अंत्यविधीचं काम करणाऱ्या गृहस्थाने १८६३ साली त्यावर पुस्तिका लिहिली आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत त्याच्या नावाचं क्रियापद झालं. पण ‘कीटोजेनिक’ आहार आला तो वजनासाठी नव्हेच. तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. उपाशी ठेवल्यावर झटके कमी होतात असं डॉक्टरांना दिसलं होतं, पण कुणाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की आहारात जवळपास सगळी चरबीच ठेवली तर शरीर खाऊनपिऊन उपाशी असल्यासारखं वागेल. म्हणजे कीटो हा मुळातच उपासाची नक्कल आहे. ज्याला मी विज्ञान म्हणून आईच्या उपासापुढे उभं करत होतो, ते त्याच घराण्यातलं निघालं. (आपल्या उपासाचा साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च, ही यातली आणखी एक गंमत. कीटोवाल्याला सगळ्यात आधी वर्ज्य तोच.)

नक्कल शरीरापुरती होती. उपासात आणखी जे असतं, मुदत, उद्यापन, उद्यापनाला चार माणसांना जेवू घालणं, ते आम्ही घेतलंच नाही. उपासाचं मी उगाच गोडवे गाऊन कौतुक करणार नाही. बायकांनी घरासाठी उपाशी राहायचं आणि त्याला पुण्य म्हणायचं, यात पुष्कळ लबाडी आहे. माझ्या आईचे सोमवार कुणाच्या आरोग्यासाठी चाललेत ते तिलाच ठाऊक. तिच्या स्वतःच्या आरोग्यासाठी तर नाहीतच.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ.

मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होतो. आईची हाक आली, ‘अरे, बाबांकडे बघ जरा.’ बाबा सोफ्यावर होते, कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं जड. साखर मोजली तर ५२. ते मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायचे. ही गोळी पोटात काय गेलंय ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्शुलीन सोडायला लावतेच. आणि बाबांनी तीन आठवड्यांपासून, आम्हा दोघांना न सांगता, पोळी-भात बंद केला होता. नाश्त्याच्या पोळ्या ते खाली कुत्र्यांना घालत होते. मला जमलं, मग आपल्याला का नाही.

‘साखर आण,’ मी ओरडलो. साखर नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मीच डबा रिकामा करून त्यात बदाम भरले होते. आई देवघराकडे धावली. नैवेद्याच्या वाटीत खडीसाखर होती. ती तिने लाटण्याने फोडली, कोमट पाण्यात ढवळली आणि बाबांना पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ आला.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला झापलं ते योग्यच होतं. अशा गोळ्या किंवा इन्शुलीन चालू असेल तर कार्ब्ज तोडण्याआधी डोस बदलावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या आणि कीटो एकत्र आले तर धोका आणखी वेगळा, साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठतं.

‘मी त्यांना करा म्हणालो नव्हतो.’ हे वाक्य मी त्या रात्री बऱ्याच वेळा मनात म्हटलं. ते खरंही आहे. बाबा मोठे आहेत, त्यांनी लपवलं. पण रोज जेवणाच्या टेबलावर ‘हे विष आहे’ म्हणणारा माणूस कुणाशी बोलत असतो? समोर ११ वर्षांचा मधुमेही बसलेला. त्याला ऐकू आलं असणार: तुमचा आजार तुम्ही स्वतः ताटातून वाढून घेतलात. आणि शेजारी त्याला तीस वर्षं वाढणारी बसलेली. तिला काय ऐकू आलं असेल? ‘गहू म्हणजे स्लो पॉयझन’ या वाक्याला कर्ता नसतो, पण आमच्या घरात पोळ्या करणारं माणूस एकच होतं.

काकूंचा चेहरा का पडला ते मला तेव्हा लागलं. आई ‘संकष्टी आहे’ म्हणते तेव्हा ती स्वतःबद्दल काहीतरी सांगते. मी पोळीबद्दल सांगितलं होतं, आणि पोळी त्यांनी केली होती.

मी कीटो पूर्ण सोडलेलं नाही. एचबीएवनसी ५.६ वर आला आहे आणि तो मला परत वर जाऊ द्यायचा नाही. आहारतज्ज्ञांकडून नीट आखून घेतलं, दुपारी अर्धी भाकरी आली. बाबांच्या गोळीचा डोस बदलला, त्यांनाही अर्धी भाकरी. एक भाकरी मोडून दोघांत होते. आईची तपासणी आयुष्यात पहिल्यांदा केली: ५.९. तिने रिपोर्ट घडी करून देवघराच्या खणात ठेवला आणि म्हणाली, ‘बघू नंतर.’ यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. ओटा सकाळी सात ते साडेसात माझ्याकडे असतो.

आजीला फोन करून सांगितलं, पाडव्यापर्यंतचा नेम धरलाय.

‘आन उद्यापन?’

‘तू सांग.’

‘पाच मानसं बोलव. भाकरी तू थाप.’

तेव्हापासून रोज एक थापून बघतो. काकूंना आमंत्रण दिलं आहे, त्या ‘बघते’ म्हणाल्यात. माझी भाकरी अजून कडेने चिरते. पीठ कमी मळतोस, असं आई म्हणते.