शब्द कोणासाठी?

अवघड इंग्रजी शब्द वहीत उतरवून ठेवण्याचा माझा जुना नेम आहे. पानावर तीन रकाने: शब्द, अर्थ आणि स्वतःचं वाक्य. पहिले दोन भराभर भरतात, तिसऱ्यापाशी हात अडतो. वाक्य म्हटलं की ते ऐकणारं कोणीतरी आलं. ते कोण, याचं खरं उत्तर आपल्या मनालाच द्यावं लागतं.

मनात डोकावलं की दोन ओढी दिसतात. एक निर्मळ आहे. दिवेलागणीला भाट्ये किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात मी फिरते. अशा संधिप्रकाशात वावरणाऱ्या जिवांसाठी इंग्रजीत 'क्रेप्युस्क्युलर' असा शब्द आहे. तो कळल्यापासून त्या वेळी कोण कोण जागं होतं, हे मी निरखून पाहू लागले. शब्दाने डोळ्यांना काम दिलं. दुसरी ओढ वेगळी: चारचौघांत असा शब्द टाकावा आणि समोरच्याने गप्प व्हावं. कोकणात मुंबईची नोकरी काय, जहाजावरचं काम काय, इंग्रजीवाचून अडतं. म्हणून ती येणाऱ्यापुढे माणसं उगीच दबतात. त्या दबण्यावर आपला मोठेपणा उभा करणं मला अन्याय वाटतो.

जॉर्ज ऑर्वेलने 1946 सालच्या निबंधात बजावलं, की लहान शब्दाने भागत असेल तिथे मोठा वापरू नये. त्यानेच 1949 सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर' कादंबरीत असं राज्य रंगवलं, जे लोकांचा विचार खुंटावा म्हणून भाषेतले शब्दच कमी करत जातं. मला दोन्ही पटतं. शब्दांचा साठा मोठा हवा. खर्च मात्र ऐकणाऱ्याला पेलेल इतकाच.

शेजारचे दादा होडीच्या कर्जाचे कागद घेऊन आले. 'हायपोथिकेशन'वर बोट ठेवून म्हणाले, "ह्याचा नेमका अर्थ काय गो?" मी सांगितलं, "होडी तुमच्याच ताब्यात राहणार, धंदाही करता येणार. पण हप्ते थकले तर बँक ती ताब्यात घेऊ शकते." त्यांनी लगेच विचारलं, "किती थकले तर?" मग ते कलम आम्ही दोघांनी मिळून शोधलं. शब्द उलगडला, तेव्हा त्यांना पुढचा प्रश्न विचारता आला.

मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने पंडितांच्या मदतीने मराठी शब्द गोळा करून 1831 साली कोश छापला. परक्या भाषेतलं एवढं धन त्याने जमवलं ते इतरांच्या हाती देण्यासाठी. शब्दसंग्रहाची खरी रीत तीच.

म्हणून अवघड शब्द मी शिकत राहणारच. करारनामे, कोर्टाचे निकाल, दवाखान्यातले कागद अजून इंग्रजीत येतात आणि न कळता सही करणारी माणसं आपल्याच वाडीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी विचारलं, तर हातातलं काम ठेवून, कळेपर्यंत समजावून सांगणं हे माझं कर्तव्य आहे. ते टाळलं, तर माझ्या शिकण्याला अर्थ नाही.