बंद पडणारा संगणक आणि कारणावरची श्रद्धा

नव्याने जुळवलेला डेस्कटॉप संगणक अधूनमधून बंद पडू लागला की त्याच्या वागण्यात कसलाच नियम दिसत नाही. दोन तास जड गेम चालवला तरी त्याला काही होत नाही आणि नुसता ब्राउझर उघडला की पडदा निळा होतो. कधी तेवढाही संदेश न देता तो स्वतःच रीस्टार्ट होतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मागे राहते. यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते; का, ते सांगत नाही. तरीही संगणक जुळवणारा माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो, कारण याला काहीतरी कारण असलेच पाहिजे असे त्याने धरलेले असते. हे धरून चालणे म्हणजे ज्ञान की श्रद्धा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे अगदी टेबलावर येऊन ठेपतो. माझ्या मते ती श्रद्धाच आहे, पुराव्याने पुरी सिद्ध न होणारी. पण दैवावर भार टाकणाऱ्या श्रद्धेहून तिची जात वेगळी आहे. ही श्रद्धा माणसाला काही बंधने घालते, आणि ती पाळली नाहीत तर तिला काही किंमत उरत नाही.

ही बंधने कोणती, ते आपल्या न्यायशास्त्राने फार बारकाईने मांडले आहे. अमुक असेल तेव्हा तमुक घडते हा अन्वय, आणि अमुक नसेल तेव्हा तमुक घडत नाही हा व्यतिरेक. दोन्ही जुळले की कार्यकारणसंबंध मानायला आधार मिळतो. संगणकाची दुरुस्ती याच वाटेने चालते: रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढायची, यंत्र चालवायचे, मग दुसरी काढायची. पण नैयायिक इथेच थांबत नाहीत. मडके घडताना कुंभाराचे गाढवही अंगणात असते, मातीही तेच वाहून आणते. पण तेवढ्यावरून ते मडक्याचे कारण ठरत नाही. अशा सोबत असणाऱ्या पण कारण नसणाऱ्या गोष्टीला ते अन्यथासिद्ध म्हणतात. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर संगणक बंद पडायचा थांबला, तर कार्ड सदोष आहे असा निष्कर्ष चटकन निघतो. परंतु कार्ड काढताना पॉवर सप्लायवरचा भारही एकदम उतरलेला असतो. दोष त्या एसएमपीएसमध्ये असला तरी अनुभव हुबेहूब हाच येईल. रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली आणि यंत्र सुधारले, तर दोष पट्टीत होता की ती नीट बसली नव्हती? एका हाताने एकच गोष्ट बदलली असे वाटत असताना दोन बदललेल्या असतात. म्हणून या क्षेत्रातली जाणती माणसे सर्वांत आधी बायोसमधले एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारे प्रोफाइल बंद करायला सांगतात. रॅमच्या खोक्यावर ६००० हा आकडा छापलेला असला तरी पुष्कळ डीडीआर-५ संच प्रोफाइलशिवाय ४८०० वरच चालतात. वरचा वेग म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांना ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणणे असते. एकही भाग न हलवता एवढीच एक गोष्ट बदलता येते, हे या उपायाचे खरे मोल.

दुसरे बंधन काळाचे आहे आणि ते पाळणे अधिक कठीण. यंत्र सरासरी दोन दिवसांतून एकदा, पण केव्हाही, बंद पडत असेल, तर काहीही दुरुस्ती न करता ते सलग तीन दिवस नीट चालण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. सहा दिवसांची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एखादी वायर हलवून तीन दिवस शांततेत गेले म्हणून ‘सापडले’ म्हणणाऱ्याला अजून तसे म्हणण्याचा अधिकार मिळालेला नाही. रॅमची चाचणी रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही, तर दोष नाही असे सिद्ध होत नाही. एक जरी चूक निघाली, तर मात्र कुठेतरी दोष आहे हे जवळजवळ नक्की. आणि तेव्हाही तो पट्टीत आहे, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरमध्ये आहे की ताणलेल्या वेगात आहे, हे वेगळे शोधावेच लागते. नवससायासात फळ मिळाले की ते नवसाचे आणि न मिळाले की आपल्या पापाचे, असा हिशेब मांडता येतो. इथे तसा मांडता येत नाही. आपले म्हणणे खोटे ठरू शकेल अशी जागा आधीच दाखवून ठेवावी लागते.

यंत्र स्वतः काय सांगते यावरही विश्वास टाकता येत नाही, याचा मोठा दाखला इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी दिला. अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होताना कोसळत आणि पडद्यावर संदेश येई ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा. कार्डाचा संबंधच नव्हता. दाबून साठवलेली माहिती उलगडताना प्रोसेसरच चुकीचे उत्तर देत होता. जुलै २०२४ मध्ये इंटेलने, मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे मान्य केले. सप्टेंबरमध्ये मूळ कारण आणखी नेमके सांगितले: वाढीव व्होल्टेज आणि उष्णतेने गाभ्यातले घड्याळाचे परिपथ अकाली झिजत होते. एवढ्या मोठ्या कंपनीला, आपल्याच वस्तूबाबत, इतका काळ लागला. तोवर हजार ठिकाणी हजार कारणे ठामपणे सांगितली गेली असतील. त्यांतली बहुतेक प्रामाणिकच असतील, याचेच मला अधिक वाईट वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हिला श्रद्धा का म्हणायचे? शोधले की कारण सापडते, हा तर अनुभव आहे. पण अनुभव तेवढा साक्षीला उभा राहत नाही. कितीतरी यंत्रे कारण न सापडताच सुधारतात किंवा परत जातात, आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. चार्वाकमताने अनुमानावर हीच शंका घेतली होती. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत तिला उत्तर दिले, ते थोडक्यात असे: शंका तिथवरच ताणता येते, जिथवर ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याच्या विरोधात जात नाही. धूर हवा असला की तोही विस्तवच पेटवतो. उत्तर खणखणीत आहे. पण बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात ते उलटवून पाहिले, आणि त्यातून निघणारा एक मुद्दा मला आजही टाळता येत नाही: मी एखादी गोष्ट धरून वागतो यावरून मी ती मानतो एवढेच दिसते, ती खरी आहे हे नाही. उदयनांनी कारणावरचा विश्वास अटळ आहे हे दाखवले, तो सत्य आहे हे नव्हे. अटळ पण असिद्ध अशा विश्वासाला श्रद्धा म्हणण्यात त्याचा अपमान नाही.

दुसरा आक्षेप अधिक भेदक आहे, आणि तो विज्ञानाकडूनच येतो. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी मेमरी चिपमधल्या गूढ चुकांचे मूळ दाखवले. चिपच्या सिरॅमिक आवरणात युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश होते, आणि त्यांतून निघणारे अल्फा कण साठवलेला एखादा बिट उलटवत होते. चिप मात्र धडधाकट. पुढे कच्चा माल अधिक शुद्ध झाला, सर्व्हरच्या मेमरीत चूक दुरुस्त करणारी सोय रूढ झाली. इथपर्यंत कारणवादाचा विजयच म्हणायचा. पण कण सोडणारा तो अणू त्याच क्षणी का फुटला? क्वांटम भौतिकीच्या प्रचलित समजुतीप्रमाणे या प्रश्नाला उत्तरच नाही. मग कारणावरची श्रद्धा इथे कोसळली का? मला वाटते, तिची सीमा आखली गेली. कण कुठून येतात, किती प्रमाणात, आवरण बदलले की किती घटतात, या सगळ्याला कारण आहे. एकेका अणूच्या फुटण्याच्या क्षणाला नाही. आणि ही सीमाही कोणी आरामखुर्चीत बसून ठरवली नाही. कारण असलेच पाहिजे असे धरून शेवटपर्यंत जाणाऱ्यांनाच ती दिसली. ‘यंत्र आहे, चालायचेच’ म्हणणाऱ्याला योगायोग कुठून सुरू होतो हेही कळले नसते.

धार्मिक मनाचा वाचक इथे विचारील, मग अदृष्टात वाईट काय? आपल्याला न दिसणारे कारण आहे, एवढेच तर ते सांगते. हा प्रश्न आदराने घ्यायला हवा, कारण वैशेषिकसूत्रांत अदृष्टाची एक भूमिका खरोखरच तशी आहे. सुई लोहचुंबकाकडे सरकते, आगीची ज्वाळा वर जाते, यांचे कारण तिथे अदृष्ट सांगितले आहे. ज्याचा थांग लागलेला नाही त्याची जागा त्या शब्दाने राखून ठेवली, आणि सुईच्या बाबतीत पुढे चुंबकत्वाने ती घेतली. परंपरेत हळूहळू अदृष्ट म्हणजे प्रामुख्याने पूर्वकर्मांतून साठलेले पुण्य-पाप असा अर्थ दृढ झाला, तेव्हा ती राखीव जागा भरली गेली. आता तिथे दुसरे कोणी येऊ शकत नव्हते. खंडेनवमीला, दसऱ्याला संगणकावर हळदकुंकू वाहण्यात मला काहीच खटकत नाही. ज्या साधनावर पोट चालते त्याबद्दलची ती कृतज्ञता आहे. खटकते ते ‘हा पीसीच लाभला नाही’ हे वाक्य, कारण त्यानंतर तपासण्यासारखे काही शिल्लक राहत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. एवढे कशाला? रॅम, मदरबोर्ड, एसएमपीएस सगळे एकदम बदलून घ्यावे आणि मोकळे व्हावे. ज्याला उद्या सकाळी कामाला बसायचे आहे त्याला मी हे करू नको म्हणणार नाही. पण दोष त्याने संपवलेला नसतो, दुसरीकडे पाठवलेला असतो. परत गेलेल्या तीन भागांपैकी दोन बहुधा चांगले असतात आणि तिसरा वरवरच्या चाचणीत पास होऊ शकतो, कारण कधीतरीच चुकणाऱ्या वस्तूचे लक्षणच ते. तो भाग पुन्हा कोणाच्या तरी संगणकात बसेल, आणि तिथला माणूस पहिल्यापासून सुरुवात करील. म्हणून भाग परत करणाऱ्याने त्यासोबत एक कागद जरूर द्यावा: कोणत्या वेगावर आणि बायोसच्या कोणत्या आवृत्तीवर यंत्र किती दिवसांत किती वेळा बंद पडले, काय काय वेगळे करून पाहिले, कशाने फरक पडला, कशाने नाही. कारण सापडले नसेल तर तेही त्यावर स्पष्ट लिहावे.