परक्यांचें शेत

(वाचावें : उत्पत्ति २३, मत्तय २७:३–१०, ५७–६०)



यहूदानें परत टाकिलेल्या तीस नाण्यांचें काय करावें, असा प्रश्न मुख्य याजकांपुढें आला. रक्ताचें मोल भांडारांत घालणें त्यांस नियमाविरुद्ध वाटलें. निरपराध्यास धरून देतांना मात्र कांहीं वाटलें नव्हतें. शेवटीं त्या पैशांनीं कुंभाराचें शेत घेऊन तें परक्यांस पुरण्याकरितां लाविलें. ज्याचा हा सौदा झाला, त्या प्रभूला तरी स्वतःची कबर कोठें होती? त्याला अरिमथाईकर योसेफाच्या कबरेंत ठेविलें. आणि अब्राहाम! सर्व कनान देशाचें वचन मिळालें असतां, सारेला पुरण्यासाठीं त्याला हेथी लोकांपुढें नमून चारशें शेकेल रुपें तोलून द्यावें लागलें.

मृतांस भूमि कोणी द्यावी, हा तंटा ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांतही झाला आहे. लंडन शहराच्या जुन्या वेशीबाहेर बन्हिल फील्ड्स या नांवाचें सुमारें चार एकरांचें स्मशान आहे. नांवाचा मूळ अर्थ हाडांची टेकडी, असें सांगतात. सन १५४९ त सेंट पॉलच्या मोठ्या मंदिराचें अस्थिगृह रिकामें केलें, तेव्हां हजारांहून अधिक गाड्या हाडें आणून येथें ओतिलीं. पुढें १६६५ च्या महामारींत नगराच्या कारभाऱ्यांनीं ही जागा मृतांसाठीं नेमून तिला भिंत घातली. परंतु कोण्या बिशपानें येऊन तिचें पवित्रीकरण कधींच केलें नाहीं.

हीच उणीव कित्येकांस आशीर्वाद झाली. राजमान्य मंडळीची उपासनापद्धति ज्यांस मान्य नव्हती, अशा लोकांस त्या काळीं मोठा छळ सोसावा लागे. गांवच्या मंदिराच्या आवारांत त्यांचें प्रेत नेलें, तर प्रार्थना त्यांच्या पाळकानें करावयाची नाहीं. हा निर्बंध थेट १८८० च्या कायद्यानें उठला. बन्हिलमध्यें असा अडथळा नव्हता. जो फी देईल त्याला जागा मिळे, आणि प्रार्थना ज्याची त्यानें करावी. (फी होती, हें विसरूं नये, जगांत दयेलाही पुष्कळदां दर लाविलेला असतो.) १८५४ त तें बंद झालें, तोंवर सुमारें एक लक्ष तेवीस हजार देह तेथें मातीआड झाले.

त्यांत जॉन बनियन आहे. हरि केशवजींनीं १८४१ त मराठींत आणिलेल्या ‘यात्रिकक्रमणा’चा तो मूळ लेखक. भांडीं सांधणारा हा गरीब मनुष्य परवान्यावांचून उपदेश केल्याबद्दल बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत होता. १६८८ त एका बापलेकांचा समेट करून तो भर पावसांत घोड्यावरून लंडनला आला, आजारी पडला, आणि एका वाणी मित्राच्या घरीं मरण पावला. त्या मित्राच्याच कबरेंत त्याला ठेविलें. त्यालाही कबर दुसऱ्याचीच मिळाली! जॉन व चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना आणि गीतकार आयझॅक वॉट्स हींही त्याच भूमींत आहेत.

विल्यम ब्लेक हा कवि व चित्रकार १८२७ त निर्धन वारला. त्याला सामाईक खड्ड्यांत पुरलें. खालीं परकीं प्रेतें, वरही परकीं. खूण राहिली नाहीं. १९२७ त दगड बसविला, तोही जवळपास कोठें तरी. नेमक्या जागीं दगड यावयास २०१८ साल उजाडलें. पुष्कळ वर्षें मनुष्यांस त्याचा नेमका ठिकाणा ठाऊक नव्हता. देवालाही नव्हता, असें कोण म्हणेल?

बंधूंनो, आपल्या वाडवडिलांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां कित्येक गांवीं पाण्याबरोबर मातीही तुटली. प्रेत दारांत, आणि खणावें कोठें हें ठाऊक नाहीं, अशी रात्र ज्या घरानें काढिली, त्याला अब्राहामाचें नमणें समजावून सांगावें लागत नाहीं. मग आज आपल्याच स्मशानांत, हा कोपरा अमक्या कुळाचा, तो तमक्या जातींतून आलेल्यांचा, अशा रेघा कां ओढाव्या? नदीकांठीं सांपडलेलें बेवारस प्रेत, ऊसतोडीस आलेल्या मजुराचें तान्हें मूल, यांच्यासाठीं जागा मागितली असतां पंचांनीं वहींत नांव कां शोधावें? खांद्याला खांदा लावून ज्यांच्याबरोबर उठावयाचें, त्यांच्याशेजारीं निजण्यास लाज कसली?

पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं आपण कबरा झाडतो, चुना लावितो, फुलें ठेवितो. यंदा उपदेशकांनीं मंडळीच्या वडिलांस घेऊन एक सकाळ अगोदर जावें. ज्या मातीच्या ढिगांवर नांव नाहीं, तेथील कांटे आधीं काढावे. आणि कुंपणालगत नव्हे, तर मधोमध, चार कबरांची जागा परक्यांसाठीं मोकळी मोजून ठेवावी.