दुर्बळ लेंकरें आणि तापाची साथ

(शास्त्रपाठ: मत्तय १८:१०–१४)



साथींत एखादें लेंकरूं दगावलें कीं आईबापांच्या कानीं शब्द येतो, ‘तुमच्या हातून कांहीं पाप घडलें असेल.’ जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनींहि प्रभूस असेंच विचारिलें होतें. हें त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापाचें फळ नव्हे, असें प्रभूनें सांगितलें. तेव्हां शोकाकुल घरास असा बोल लावणें आपणांस शोभत नाहीं. आपण विचारावें तें हें: कळपांतील कोणत्या कोंकरास धोका अधिक आहे?

१९१८ सालीं इन्फ्लुएंझाची महामारी जून महिन्यांत मुंबईस आली, आणि या देशांत एक कोटीहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. २००९ सालीं नव्या जातीचा इन्फ्लुएंझा आला. त्यास लोक स्वाइन फ्लू म्हणत. भारतांतील त्याचा पहिला बळी ३ ऑगस्ट रोजीं पुण्यास गेला. ती १४ वर्षांची मुलगी होती.

त्याच साथींत इंग्लंडांत मरण पावलेल्या ७० मुलांची माहिती वैद्यांनीं तपासली. मृत्यूचें प्रमाण एका वर्षाच्या आंतील बालकांत सर्वांत अधिक होतें. मेंदूच्या व मज्जातंतूंच्या जुन्या विकारांनीं पीडित मुलांसहि विशेष धोका होता. तरी १५ मुलें पूर्वीं निरोगी होतीं. औषध ४५ मुलांस मिळालें, परंतु दुखणें लागल्यापासून दोन दिवसांच्या आंत तें केवळ ७ जणांस मिळालें.

बंधूंनो, हा उशीर टाळणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. शंभरांतील एक मेंढरूं चुकलें हें मेंढपाळास कळलें, कारण तो मोजीत होता. प्रत्येक उपदेशकानें आपल्या पाड्यांतील तान्हीं बालकें, फेफरें येणारीं, हातपाय लुळे असलेलीं, दम्याचीं वा हृदयविकाराचीं मुलें ओळखून ठेवावीं. खोकणाऱ्या माणसानें त्यांजपासून दूर राहावें. अशा मुलास ताप येतांच, किंवा कोणत्याहि मुलाचा श्वास जलद चालला, छाती आंत ओढली जाऊं लागली, ओठ निळे पडले, दूध सुटलें, तर सकाळची वाट पाहूं नये. चिंचपाड्यास ख्रिस्ती रुग्णालय आहे. इतरत्र सरकारी आरोग्य केंद्र गांठावें. प्रार्थना वाटेनें चालतांनाहि करितां येते. प्रभु ती ऐकतो.

एकहि लहानगें हरवूं नये अशी स्वर्गीय पित्याची इच्छा आहे. ती आपलीहि इच्छा होवो. आमेन.