शिक्षा कडक हवी की नक्की?

तीन वर्षांपूर्वी शिकागोजवळच्या आमच्या गावात माझ्या गाडीची काच फोडून कोणीतरी लॅपटॉप पळवला. "असल्यांना चांगली अद्दल घडवली पाहिजे," मी घरी तावातावाने म्हणालो. चोर सापडला. निघाला सोळा वर्षांचा पोरगा, माझ्या मुलीच्या वयाचा. मग बाल न्यायालयाचे पत्र आले : शिक्षेबाबत तुम्हाला काही सांगायचे आहे का? आता तोंडाची वाफ दवडून चालणार नव्हते.

मी पडलो संगणक सल्लागार. बिघाड झाला की आधी कारण शोधायचे, ही सवय. अमेरिकेत 2020 साली खून एका वर्षात सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. खुनाची शिक्षा काही त्या वर्षी कमी झाली नव्हती! पण महामारीने शाळा, क्रीडांगणे, न्यायालये बंद पडली होती आणि बंदुकांची विक्रमी विक्री झाली होती. 2022 पासून आकडे पुन्हा उतरू लागले.

इटलीच्या बेक्कारियाने 1764 मध्येच सांगितले होते की, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाचा धाक मोठा. आणि आपल्या देशात? 2013 मध्ये बलात्काराविरुद्धचा कायदा कडक झाला. पण 2022 अखेर भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे. निकालच लागत नसेल तर धाक कसला?

बरे, धाकाने हात थांबेल; माणूस बदलेल का? औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंती नसलेल्या त्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' (1957) हा शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरूनच सुचला. चित्रपट आपण डोळे पुसत पाहिला, पण स्वतःची काच फुटल्यावर तो आठवला नाही!

मी न्यायालयाला लिहिले : कोठडी नको, पण माफीही नको. त्याने काम करून माझे नुकसान भरून द्यावे. न्यायालयाने ते मानले. महिन्याला पन्नास डॉलर येऊ लागले. "स्वस्तात सुटला," सौ. म्हणाली. खरे सांगायचे तर माझाही राग पुरता गेला नव्हता. पण अकरा महिने एकही हप्ता चुकला नाही.

मंडळी, गणपतीच्या जेवणावळीत "भर चौकात फाशी द्या" असे आपण सहज म्हणून जातो. त्या वाक्याला आपल्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच ते इतके सोपे असते का?